जाळीच्या दाराआडचा आकडा

चिखलीहून खामगावकडे निघालं की वाटेत अमडापूर लागतं. अशा गावात शाळेची खोली असो की ओढ्यावरचा पूल, आरसीसीचं काम निघालं की स्लॅबच्या दिवशीच १५० मिलिमीटरच्या लोखंडी साच्यांत क्यूब भरायचे, पाण्यात ठेवायचे आणि २८ दिवसांनी फोडायचे, हा रिवाज आहे. फोडणारं यंत्र म्हणजे कॉम्प्रेशन टेस्टिंग मशीन, सगळ्यांच्या तोंडी सीटीएम. जाड खांबांची चौकट, खालून तेलाच्या दाबाने वर सरकणारा दट्ट्या आणि वरची किंचित डुलणारी पाटी, इतकाच त्याचा सांगाडा. ताकद मात्र बहुधा २००० किलोन्यूटन, म्हणजे दोनशे टनांच्या आसपास. समोर जाळीचं दार असतं, आणि घाई असली की ते उघडंच राहतं. दार लावलं की काम रखडतं, अशी तक्रार ऐकू येते. सुरक्षितता वेगळी आणि काम वेगळं, हे त्या तक्रारीतलं गृहीतकच मला चुकीचं वाटतं. या यंत्रावर हाताला इजा करणाऱ्या बहुतेक चुका आकडाही बिघडवतात.

क्यूब ठेवण्यापासूनच बघा. पाटीवर आधीच्या क्यूबची कच राहिली, तर भार सगळ्या पृष्ठभागावर न पडता दोन-चार टोकांवर पडतो. क्यूब लवकर फुटतो, आकडा कमी येतो आणि कपच्या उडतात. क्यूब मध्यावर नसला तरी तेच: एक बाजू आधी ढासळते आणि तुकडे त्या अंगाला येतात. नीट बसवलेला क्यूब चारही बाजूंनी सालपटं टाकतो आणि मध्ये टोकाला टोक लावलेले दोन पिरॅमिड उरतात. भार चढवण्याचा वेग मिनिटाला चौरस सेंटिमीटरमागे १४० किलो असा ठरलेला आहे. त्या गतीने एम-२० दर्जाच्या काँक्रीटच्या क्यूबला ४५० किलोन्यूटन गाठायलाच जवळपास दीड मिनिट लागतं. व्हॉल्व्ह भसकन उघडला तर काँक्रीट आहे त्यापेक्षा मजबूत भासतं, आणि फुटताना भार आवरायला सवड मिळत नाही. सळईचंही तसंच. एफई-५०० ची १६ मिलिमीटरची सळई तुटायला किमान अकरा टन ओढ लागते. ओढणाऱ्या यंत्राच्या जबड्यात ती अर्धवट धरली तर निसटते, नाहीतर जबड्यापाशीच तुटते. मग चाचणीही वाया आणि समोर उभा असलेला माणूसही धोक्यात.

यावर अनुभवी माणसाचं उत्तर तयार असतं: वर्षानुवर्षं उघड्या दाराने क्यूब फोडले, कुणाला खरचटलंही नाही. ते खरंही असेल, पण तो अनुभव एम-२० चा आहे. क्यूब फुटण्याआधी यंत्राची चौकट ताणलेली असते, आणि तिच्यात साठलेली ऊर्जा भाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एम-५० ला भार अडीचपट लागतो, म्हणजे ऊर्जा सव्वासहापट. शिवाय एम-२० कुरकुरत ढासळतो, तर भारी काँक्रीट आधी काही न सांगता फुटतं. आपल्या काळ्या दगडाचा कोअर लावला तर विचारूच नका. दाराआडून तडे दिसत नाहीत, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यावर जाळीऐवजी जाड पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा लावता येतो. मुळात क्यूब कसा फुटला हे भार उतरल्यावर बघायचं असतं. तेलाची नळी झिरपते का, हे बोट फिरवून पाहणं तर उघड्या दाराहून वाईट. सुईएवढ्या छिद्रातून येणारं तेल कातडीखाली घुसतं, वरून जखम क्षुल्लक दिसते आणि हात गमवायची पाळी येऊ शकते. झिरपणाऱ्या यंत्रावर भाराचा वेगही स्थिर राहत नाही.

हा युक्तिवाद सगळीकडे लागू पडत नाही, हे मान्य करायला हवं. रस्त्याच्या मालातलं डांबर किती टक्के, हे काढायला तो माल द्रावकात धुऊन यंत्रात गरगर फिरवतात. पूर्वीपासून त्यासाठी बेन्झिन वापरलं जातं. त्याने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे सिद्ध झालेलं आहे. खिडक्या बंद ठेवून, उघड्या हाताने केलं तरी डांबराचा टक्का अचूकच येतो. इथे चुकलेला आकडा कुणाला सावध करत नाही. म्हणून एक्झॉस्ट पंखा, द्रावकाला टिकणारे हातमोजे आणि कमी घातक द्रावक ही तंत्रज्ञाच्या मर्जीवर सोडायची गोष्ट नव्हे. टेंडरमध्येच त्यांची अट असावी आणि खर्चही दरात धरलेला असावा, नाहीतर कंत्राटदार पहिली काटछाट तिथेच करणार.