दोन वेळा बदललेली ॲनी

कनेटिकट नदीच्या काठावर ईस्ट हॅडम नावाचं एक लहानसं गाव आहे. त्या गावाच्या मानाने फारच थाटाचं वाटावं असं एक नाट्यगृह तिथे उभं आहे. जहाजं आणि पेढी यांच्या जोरावर गब्बर झालेल्या विल्यम गुडस्पीडने ही उंच, पांढरी इमारत १८७६ साली बांधून घेतली. नाटक वरच्या मजल्यांवर आणि खाली दुकान, कचेऱ्या, आगबोटीच्या उतारूंची वर्दळ, असा सगळा मामला होता. गुडस्पीडच्या मागे नाटकं बंद पडली. पहिल्या महायुद्धात तिथे सैनिकांनी मुक्काम ठोकला आणि पुढे राज्याच्या रस्ते खात्याने जुनंपुरानं सामान ठेवायला ती वापरली. इमारत पाडायचंच ठरत आलं, तेव्हा नाटकवेड्यांनी १९५९ मध्ये संस्था काढली आणि १९६३ मध्ये पडदा पुन्हा वर गेला. खुर्च्या फक्त ३९८. 'मॅन ऑफ ला मांचा' १९६५ साली पहिल्यांदा इथेच रंगमंचावर आलं. म्युझिकलचा नाद असलेल्या माणसाने न्यूयॉर्कमधली एखादी संध्याकाळ कमी करावी, पण हे नाट्यगृह बघावं.

१९७६ च्या ऑगस्टमध्ये याच रंगमंचावर 'ॲनी' नावाचं नवं म्युझिकल लागलं. १९२४ पासून वर्तमानपत्रांत चालत आलेल्या हॅरल्ड ग्रेच्या चित्रमालिकेतली अनाथ पोर ही त्याची नायिका. दिग्दर्शन आणि गीतं मार्टिन चार्निनची, संगीत चार्ल्स स्ट्राऊसचं, संहिता टॉमस मीहनची. काळ १९३३ चा, म्हणजे मंदीचा. ॲनीचं काम क्रिस्टन व्हिगार्ड करत होती. आवाज गोड, चेहरा गोड, वागणंही गोड. आणि नेमकं तिथेच नाटक अडकलं.

कारण अनाथाश्रमातून पळणारी, न्यूयॉर्कच्या रस्त्यावर भटक्या कुत्र्याला जवळ करणारी, अब्जाधीशालाही न बिचकणारी पोर गोडच असेल, तर तिची फक्त कीव येते. चार्निन मंडळींना हे प्रेक्षकांसमोर कळलं. तालमीच्या खोलीत ते कळण्यासारखं नव्हतंच. त्याच प्रयोगात अनाथाश्रमातली सगळ्यांत दांडगट मुलगी होती पेपर आणि ते काम करत होती फिलाडेल्फियाची आंद्रेया मॅकार्डल. आठवडाभरातच बदल झाला. पेपरची ॲनी झाली.

इथे एका कुत्र्यासाठी थांबायलाच हवं. ॲनीच्या सँडीचं काम करणारा कुत्रा विकत घ्यायला गुडस्पीड नाट्यगृहाकडे पैसे नव्हते. नट व्हायच्या इच्छेने तिथे उमेदवारी करणाऱ्या बिल बर्लोनी नावाच्या पोरसवदा मुलाला सांगण्यात आलं की कुत्रा शोधून शिकव, तुला रंगमंचावर काम देऊ. त्याने बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातून एक केसाळ कुत्रा आणला. त्या कुत्र्याला लवकरच कायमचं झोपवलं जाणार होतं. हाच सँडी पुढे ब्रॉडवेवर गेला आणि बर्लोनी नट व्हायचा राहून अमेरिकन रंगभूमीवरच्या प्राण्यांचा सर्वांत नावाजलेला शिक्षक झाला. त्या उन्हाळ्यात माणसं बदलली, प्रसंग बदलले, पण कुत्रा टिकला. रंगभूमीवर कोणाची जागा पक्की असते, याचं असलं उत्तर नाट्यशास्त्राच्या पुस्तकात सापडायचं नाही.

प्रयोग बघायला आलेला दिग्दर्शक माइक निकल्स निर्माता म्हणून पाठीशी उभा राहिला. मिस हॅनिगन या अनाथाश्रमाच्या कजाग बाईचं काम गुडस्पीडला मॅगी टास्क करत होती. तिथेही बदल होऊन डॉरथी लाउडन आली. २१ एप्रिल १९७७ ला 'ॲनी' न्यूयॉर्कच्या ॲल्विन थिएटरमध्ये लागलं आणि २,३७७ प्रयोग चाललं. सात टोनी पुरस्कार मिळाले. त्यांतल्या म्युझिकलमधल्या प्रमुख अभिनेत्रीच्या पुरस्कारासाठी मॅकार्डल आणि लाउडन दोघींची नावं होती. दोघीही ब्रॉडवेआधी दुसरीच्या जागी आलेल्या. पुरस्कार लाउडनला गेला.

व्हिगार्डचं काय झालं? ती मॅकार्डलची बदली कलाकार म्हणून ब्रॉडवेच्या संचात राहिली. ज्या भूमिकेतून काढलं, त्याच भूमिकेसाठी विंगेत तयार राहायचं, तेही तेराव्या-चौदाव्या वर्षी! पुढे ती गायिका झाली. 'ग्रेस ऑफ माय हार्ट' या १९९६ च्या चित्रपटात पडद्यावर इलीना डग्लस गाते तो आवाज व्हिगार्डचा आहे. तो ऐकला की नाट्यवेड्यांतला जुना वाद पुन्हा पेटतो. ही मुलगी खरंच ॲनीला चालली नसती का? वाद मिटायची सोय नाही, कारण ध्वनिमुद्रिका निघाली ती मॅकार्डलची. गुडस्पीडच्या ३९८ खुर्च्यांत त्या आठवड्यात बसलेले सोडले तर व्हिगार्डची ॲनी फारशी कोणी पाहिलेली नाही, आणि तावातावाने बोलणाऱ्यांत त्या खुर्च्यांत बसलेले फार थोडे असतात.

ब्रॉडवेआधी बाहेरगावी होणाऱ्या अशा चाचणी प्रयोगांची पद्धत जुनी. न्यूयॉर्कच्या समीक्षकांपासून लांब, न्यू हेवन, बॉस्टन, फिलाडेल्फिया, डेट्रॉइट अशा शहरांत नाटक आधी लावायचं. दुपारी नवं पान लिहायचं, रात्री ते म्हणायचं, पडलेलं गाणं दुसऱ्या दिवशी काढून टाकायचं. 'ओक्लाहोमा!' १९४३ मध्ये न्यू हेवनला लागलं तेव्हा त्याचं नाव 'अवे वी गो!' होतं. 'सीसॉ' १९७३ मध्ये डेट्रॉइटला डगमगलं तेव्हा नवा दिग्दर्शक म्हणून मायकल बेनेट आला आणि लेनी कझानच्या जागी मिशेल ली आली. पुढे असे दौरे फार खर्चाचे झाले, आणि गुडस्पीड किंवा सॅन दिएगोच्या ला होया प्लेहाउससारख्या ना-नफा रंगसंस्था ही कामं करू लागल्या. एवढी पार्श्वभूमी पुरे.

खरी गंमत आहे १९९७ मध्ये. 'ॲनी'ला वीस वर्षं झाली म्हणून नवं पुनरुज्जीवन ठरलं, दिग्दर्शक पुन्हा चार्निन. नायिका शोधायला मेसीज या दुकानांच्या साखळीबरोबर जाहीर स्पर्धा घेतली. जिंकली फिलाडेल्फियाचीच जोआना पचिटी. वर्तमानपत्रांत फोटो, टीव्हीवर मुलाखती. दौरा सुरू झाला, प्रयोग गावोगाव फिरला. फेब्रुवारी १९९७ मध्ये, ब्रॉडवेचा पडदा महिन्यावर आला असताना, बारा वर्षांच्या पचिटीला सांगण्यात आलं की आता तुझी गरज नाही. तिच्या जागी आली त्याच संचातली आठ वर्षांची ब्रिटनी किसिंजर.

दिग्दर्शक तोच, भूमिका तीच, वेळही तीच, म्हणजे न्यूयॉर्कच्या उंबरठ्यावरची. बदलीसुद्धा त्याच संचातून. पण १९७६ चा बदल दिग्दर्शकाच्या पारखी नजरेचा दाखला म्हणून सांगितला जातो आणि १९९७ चा बदल लोकांना क्रूर वाटला. देशभर आरडाओरडा झाला. नाटकाचं तिकीटही न काढलेली माणसं पचिटीच्या बाजूने भांडत होती.

याचं कारण गाण्यात किंवा अभिनयात शोधून सापडत नाही. व्हिगार्ड कोण हे लोकांना कळायच्या आत ती बदलली गेली, तर पचिटीला लोक नाटकाच्या आधीपासून ओळखत होते. तिची निवड, तिचा आनंद, तिच्या आईवडिलांचे डोळे, सगळं त्यांनी पाहिलं होतं. चाहत्यांनी ॲनी पाहिली नव्हती, त्यांनी जोआना पाहिली होती. आणि मुळात ॲनीची गोष्टच 'या पोरीला कोणीतरी आपलं म्हणा' अशी. जाहिरातीने लोकांना आधी तिला आपलं म्हणायला लावलं, आणि मग तिलाच परत पाठवलं. निर्मात्यांना नाटकाच्या भल्याचा विचार करायचा हक्क होता, हे मान्य. पण मुलगी शोधण्याचा तमाशा केला की ती बदलण्याचाही तमाशा होणार, एवढा हिशेब त्यांना जमायला हवा होता.

प्रकरण कोर्टात गेलं. पचिटीच्या बाजूचं म्हणणं असं की ब्रॉडवेवरची ॲनी हे बक्षीस होतं. मेसीजचं म्हणणं असं की आम्ही निर्मात्यांशी करार करण्याची संधी तेवढी देऊ केली होती, आणि कलाकार बदलण्याचा अधिकार त्या करारात निर्मात्यांकडेच होता. खालच्या न्यायालयाने मेसीजचं ऐकलं. १९९९ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. स्पर्धेच्या शब्दांचे दोन्ही अर्थ निघू शकतात, तेव्हा ते ज्युरीने ठरवावं, असं न्यायाधीशांनी म्हटलं. नाट्यवेड्यांची कट्ट्यावरची भांडणं सहसा एवढ्या वर जात नाहीत.

२६ मार्च १९९७ ला मार्टिन बेक थिएटरमध्ये उघडलेलं ते पुनरुज्जीवन त्याच ऑक्टोबरमध्ये बंद झालं. किसिंजरचं त्यात काय चुकलं? काहीच नाही. पण आठ वर्षांच्या त्या मुलीकडे निम्मं प्रेक्षागृह 'हीच का ती?' अशा नजरेने बघणार हे ठरलेलंच होतं. तिच्या नशिबी आलेल्या या ओझ्याबद्दल त्या वेळी फार कमी लिहिलं गेलं.

त्या १९९७ च्या संचात 'स्टार टू बी' म्हणून एक छोटी भूमिका होती. न्यूयॉर्कमध्ये नाव काढायला आलेल्या मुलीचं एवढंसं काम, थोडंसं गाणं. ते करत होती सटन फॉस्टर.

तीन वर्षांनी, २००० मध्ये, ला होया प्लेहाउसला 'थरोली मॉडर्न मिली' या नव्या म्युझिकलच्या तालमी चालू होत्या. दिग्दर्शक मायकल मेयर, संगीत जनीन टेसोरीचं. सुरुवातीच्या वाचनांत मिली होती क्रिस्टिन चेनोवेथ, पण ती टीव्ही मालिकेकडे गेली. मग एरिन डिली आली. फॉस्टर समूहात होती आणि गरज पडल्यास मिलीची बदली. ऐन प्रयोगाच्या तोंडावर डिलीला बाजूला करून काम फॉस्टरला दिलं गेलं. १८ एप्रिल २००२ ला 'मिली' ब्रॉडवेवर उघडलं, सहा टोनी मिळाले आणि त्यातला एक फॉस्टरचा. 'स्टार टू बी' करणारी मुलगी खरोखरच तारका झाली. हा योगायोग एखाद्या नाटककाराने लिहिला असता तर तालमीत कोणीतरी तो खोडून टाकला असता.

वर्तमानपत्रांनी ही गोष्ट परीकथेसारखी सांगितली, आणि प्रत्येक परीकथेत असतं तसं हिच्यातही एक माणूस दाराबाहेर उभं होतं. डिलीचे पाठीराखे थोडे, पण चिवट. फॉस्टरचे पाठीराखे सांगत की निकाल समोर आहे. पण विजयाचा पुरावा एकाच बाजूला मिळू शकतो, कारण दुसरीला उतरायलाच मिळालं नाही. या वादात न्याय करायला बसणाऱ्याने ही अडचण मान्य केली तरी पुरे.

२००५ च्या टोनीत मात्र मौज झाली. प्रमुख अभिनेत्रीच्या यादीत पाच नावं. 'चिटी चिटी बँग बँग'साठी एरिन डिली, 'लिटिल विमेन'साठी सटन फॉस्टर. तिसरं नाव 'स्वीट चॅरिटी'ची क्रिस्टिना ॲप्लगेट. शिकागोच्या चाचणी प्रयोगांत तिचा पाय मोडला होता, बॉस्टनला तिच्या जागी शार्लट डांब्वाजने काम केलं, निर्मात्यांनी ब्रॉडवेचा बेतच रद्द केला आणि ॲप्लगेटच्या हट्टामुळे तो पुन्हा जिवंत झाला. तिने ते काम केलं अल हर्शफेल्ड थिएटरमध्ये, म्हणजे नाव बदललेल्या मार्टिन बेकमध्येच. पुरस्कार या तिघींपैकी कोणालाच मिळाला नाही. तो 'द लाइट इन द पियाझा'च्या व्हिक्टोरिया क्लार्कने नेला.

'मिली'ची नृत्यं बसवली होती रॉब ॲशफर्डने. तोच ॲशफर्ड २०२२ मध्ये पुन्हा सॅन दिएगोत होता, या वेळी ओल्ड ग्लोब थिएटरमध्ये. नाटक होतं 'कम फॉल इन लव्ह', म्हणजे 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'चं म्युझिकल. दिग्दर्शन खुद्द आदित्य चोप्राचं, संगीत विशाल-शेखरचं, संहिता आणि गीतं नेल बेंजामिनची. सिमरन शोबा नारायण. आणि राज? राज नव्हताच. रॉग नावाचा गोरा अमेरिकन तरुण होता आणि ते काम ऑस्टिन कोल्बी करत होता. ही निवड जाहीर झाल्याबरोबर भांडण सुरू झालं. आपला राज गोरा कसा, हा प्रश्न मुंबईत विचारला गेला तसाच न्यू जर्सीतही. चोप्राने आधीच सांगून ठेवलं होतं की ही गोष्ट सुचली तेव्हा त्याच्या डोक्यात अमेरिकन नायक, टॉम क्रूझच होता.

इतिहास म्हणून ते खरं असेल, पण चाहत्यांना त्याचं काय? मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात ज्यांनी मॅटिनीला हा चित्रपट वर्षानुवर्षं पाहिला, त्यांच्यासाठी चाचणी प्रयोगाची मुदत कधीच संपली होती. पहिला नट त्यांनी १९९५ मध्येच पक्का केला होता. पचिटीच्या वेळी जाहिरातीने काही महिन्यांत जे केलं, ते इथे एका पडद्याने सत्तावीस वर्षांत केलं. नाटकाचा प्रयोग २०२५ मध्ये इंग्लंडला, मँचेस्टरच्या ऑपेरा हाउसमध्ये झाला. जेना पांड्या सिमरन होती. नायक अजूनही रॉगच होता, पण ऑस्टिन कोल्बीच्या जागी आता ॲशली डे आला होता, आणि त्या बदलावर भांडायला कोणाला फारसं सुचलं नाही.