सिकलसेलची कळ: रक्तवाहिनीची भिंत पांढऱ्या पेशींना कशी थांबवते?

चिंचणीहून डहाणू, तलासरीच्या पाड्यांकडे गेलं की ‘सिकलसेल’ हा शब्द लोकांच्या ओळखीचा असतो. १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानामुळे तपासणीही वाढली आहे. पण रुग्णाला अचानक हाडं फोडणारी कळ येते तेव्हा आत नेमकं काय होत असतं?

पुस्तकातलं उत्तर आपल्याला पाठ आहे. ऑक्सिजन कमी झाला की बदललेल्या हिमोग्लोबिनचे धागे बनतात, लाल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक वाहिनीत अडकते. आता थोडा हिशोब करू. केशवाहिनी पार करायला लाल पेशीला साधारण एक-दोन सेकंद पुरतात. धागे तयार व्हायला बहुतेक पेशींत त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे वाकायच्या आधीच पेशी निसटायला हवी! मग तिला वाटेत अडवतं कोण?

भिंत काय करते?

वाहिनीच्या आतून एंडोथेलियल पेशींचा एकच थर असतो. एरवी तो गुळगुळीत, शांत असतो. फुटलेल्या लाल पेशींतून सुटलेलं हीम त्याला लागलं की तो जागा होतो. पुढचा क्रम असा:

१. या पेशींत वेबेल-पॅलेड नावाच्या पिशव्या असतात. त्यांत पी-सिलेक्टिन आधीच भरून ठेवलेलं असतं. काही मिनिटांत ते पृष्ठभागावर येतं. ई-सिलेक्टिन मात्र नव्याने बनवावं लागतं, त्याला तास लागतात.

२. सिलेक्टिनला धरत-सोडत न्यूट्रोफिल भिंतीवरून गडगडू लागतात.

३. भिंतीवर मांडलेले केमोकाइन त्यांना इशारा देतात. न्यूट्रोफिलवरचे इंटिग्रिन ताठ होतात आणि भिंतीवरच्या आयकॅम-१ला घट्ट पकडतात.

साध्या जखमेत यानंतर न्यूट्रोफिल भिंतीतून पलीकडे जातात आणि जंतूंशी लढतात. सिकलसेलमध्ये मात्र चिकटलेल्या न्यूट्रोफिलवर लाल पेशी अडकतात. हे घडतं केशवाहिनीच्या पुढच्या बारीक शिरांमध्ये. तिथे वाट तुंबली की मागच्या पेशींना वाकायला भरपूर वेळ मिळतो.

फास्ट गाडी बोईसरला थांबणार की नाही हे जसं सिग्नलवर ठरतं, तसंच हे. गाडी तीच, सिग्नल बदलला.

पण हे भिंतीमुळेच, हे कशावरून?

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी इथे थांबून विचार करा. दोष लाल पेशीचा, न्यूट्रोफिलचा की भिंतीचा, हे वेगळं कसं काढाल?

२००२मध्ये पॉल फ्रेनेट यांच्या गटाने सिकलसेल असलेल्या उंदरांचा बोन मॅरो पी आणि ई सिलेक्टिन नसलेल्या उंदरांना दिला. म्हणजे रक्तपेशी सिकलसेलच्या, भिंत मात्र सिलेक्टिनविना. न्यूट्रोफिल नीट चिकटले नाहीत आणि वाहिन्या तुंबण्यापासून उंदीर बचावले. एक बाजू तशीच ठेवून दुसरी बदलायची, ही युक्ती वहीत लिहून ठेवा.

उंदरापासून माणसापर्यंत

पी-सिलेक्टिन अडवणारं क्रिझानलिझुमॅब हे औषध आलं. २०१७च्या चाचणीत १९८ रुग्ण होते. जास्त मात्रेच्या गटात कळ येण्याचं वार्षिक प्रमाण १.६३, तर औषध नसलेल्या गटात २.९८. अमेरिकेत २०१९मध्ये मंजुरी मिळाली. पुढच्या मोठ्या चाचणीत मात्र हा फायदा दिसला नाही आणि २०२३मध्ये युरोपने मंजुरी मागे घेतली.

मग सिद्धांत चुकला का? एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. भिंतीकडे ई-सिलेक्टिन आहे, व्हीकॅम-१ आहे. एक दार बंद केलं तरी दुसरं उघडं राहू शकतं. हायड्रॉक्सीयुरिया हे जुनं, स्वस्त औषध गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवतं, शिवाय न्यूट्रोफिलची संख्याही कमी करतं. एकाच वेळी दोन बाजूंनी काम!

म्हणून पेपर वाचताना दोन प्रश्न वेगळे ठेवा: हा रेणू या घटनेत भाग घेतो का? आणि तो एकटा अडवला तर रुग्णाची कळ थांबते का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं, तरी दुसऱ्याचं प्रत्येक वेळी रुग्णांवरच्या चाचणीतूनच मिळवावं लागतं.