उंटअळी आमच्या वर्गात

श्रावण-भाद्रपदात सोयाबीनच्या पानांना भोकं पडली, की आमच्या देगलूरकडे शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात. ती करणी असते उंटअळीची. मी तिसरीची बाई, आणि मला मात्र ही अळी वर्गात हवी असते. मोजमाप शिकवायला तिच्याइतकं चांगलं साधन शाळेच्या गणितपेटीत नाही.

लिओ लिओनी या चित्रकाराचं ‘इंच बाय इंच’ हे १९६० सालचं चित्रपुस्तक अशाच एका हिरव्या अळीचं आहे. रॉबिन पक्षी तिला गिळायला येतो, तेव्हा ती आपण मापं घेतो असं सांगून सुटका करून घेते. त्याची शेपटी मोजते, मग फ्लेमिंगोची मान, टूकनची चोच, बगळ्याचे पाय. शेवटी नाइटिंगेल माझं गाणं मोज म्हणून अडून बसते, नाहीतर खाईन म्हणते. अळी मोजत मोजत जी निघते, ती दिसेनाशी होते. कशाला माप असतं आणि कशाला नसतं, हे एवढ्याशा गोष्टीत लेकरांना कळतं.

फ्लेमिंगो आणि टूकन आमच्या लेकरांनी पाहिलेले नाहीत. म्हणून मी गोष्ट सांगताना मोर आणि कोंबडा आणते. मग प्रत्येकाने कागदाची एक अळी कापायची आणि बाक मोजायचा. एकीचा बाक नऊ अळ्यांचा भरतो, शेजारणीचा तेरा. ‘बाई, हिची अळी बारकी हाय!’ अशी भांडणं सुरू झाली, की मी पट्टी बाहेर काढते. सगळ्यांची अळी सारखी हवी, हे तोवर त्यांचं त्यांनाच पटलेलं असतं.

दुसरा धडा विज्ञानाचा. ही अळी पाठ उंच करूनच का चालते? साध्या अळीला पुढे सहा खरे पाय असतात आणि मागे बहुधा मांसल पायांच्या पाच जोड्या. सोयाबीनवरच्या उंटअळीला मागे तीनच जोड्या. मधे आधार नाही, म्हणून मागचं अंग पुढे ओढताना पाठीची कमान होते. इंच मोजणाऱ्या अळ्यांच्या जातीत तर मागे दोनच जोड्या. सोळा, बारा, दहा: लेकरं वजाबाकी करतात आणि चालण्याचं कारणही सांगतात. एक सांगते, फवारणी झालेल्या रानात लेकरांना नेऊ नका. शाळेच्या कुंपणाशी चार रोपं लावली तरी पुरतं.

एरिक कार्ल यांचं १९६९ सालचं ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ जगभर वाचलं जातं. त्यातली अळी सोमवारी एक फळ खाते, मंगळवारी दोन, अशी शुक्रवारी पाच. वार, क्रम आणि पंधराची बेरीज एकदम होते. पण त्यात फुलपाखरू कोशेट्यातून बाहेर येतं. रेशमी कोशेटा विणणं हे पतंगाच्या अळीचं काम. फुलपाखराची अळी बहुधा उघडाच कोष करते. म्हणून पुस्तक मिटलं, की मी लेकरांना कागदी लिंबाच्या झाडाखाली नेते. त्यावरची अळी लहानपणी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. शत्रूला चकवण्याची ही युक्ती लेकरं स्वतःच ओळखतात.

एलिनॉर पिंचेस यांच्या १९९५ च्या ‘अ रिमेंडर ऑफ वन’मध्ये पंचवीस किड्यांची पलटण आहे. दोन, तीन, चार रांगा केल्या, की दरवेळी बिचारा ज्यो एकटा उरतो; पाच रांगांत मात्र बरोबर बसतो. बाकी म्हणजे काय, हे मी चिंचोके मांडून शिकवते. उरलेल्या चिंचोक्याला आमची लेकरं ज्योच म्हणतात.

पुस्तकं महाग असतात, ही अडचण खरी. पण प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर हजारो चित्रगोष्टी फुकट वाचता येतात, उतरवून छापताही येतात. अनेक गोष्टी मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चारही भाषांत आहेत. तेलंगण आणि कर्नाटकाच्या सीमेवरच्या आमच्या शाळांना याहून सोयीचं काय? पुण्याचे अरविंद गुप्ता यांनीही आपल्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकांचा मोठा साठा मोफत ठेवला आहे.

तरी आपल्या शिवारातली पुस्तकं कमीच. आमच्याकडच्या गाईंच्या जातीच बघा. लालकंधारी म्हणजे एकरंगी लाल. देवणीत अंगावरच्या काळ्या रंगावरून वानेरा, बालंक्या, शेवरा असे प्रकार. वर्गीकरणाचा धडा गोठ्यातच बांधलेला आहे. माळेगावच्या यात्रेतला जनावरांचा बाजार म्हणजे तर आख्खं अंकगणित. चित्रकारांनी आणि प्रकाशकांनी इकडे यावं.

आणि पालकांनो, पुस्तक घेताना मुखपृष्ठावर भाळू नका. आत मुंगी असेल तर तिचे पाय मोजा. सहा हवेत, आणि तिन्ही जोड्या शरीराच्या मधल्या भागाला जोडलेल्या हव्यात. चित्रकाराने तेवढंही पाहिलेलं नसेल, तर विज्ञान शिकवायला ते पुस्तक घेऊ नका.