संप्रेरक दाबणारं इंजेक्शन : जाणवणं आणि जाणणं

आजचा विषय वाचून काहींनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं इंजेक्शनवर का बोलावं? कारण साधं आहे. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी मी स्वतः दर तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन घेतो. माझी डॉक्टरेट वैद्यकातली नाही. त्यामुळे कोणाला कोणतं औषध, किती डोस, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. हे औषध काम कसं करतं आणि त्यामुळे घेणाऱ्यानं काय सांभाळायचं, एवढंच मी सांगणार आहे.

थोडा इतिहास पाहू. पुरुषी संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, कमी केलं की प्रोस्टेटचा कॅन्सर आक्रसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवलं. त्याबद्दल त्यांना 1966 चं नोबेल मिळालं. पण तेव्हाचा खात्रीचा उपाय म्हणजे शस्त्रक्रिया करून वृषण काढून टाकणं. पुढे मेंदूतून निघणाऱ्या एका छोट्या संप्रेरकाची रचना उलगडली. त्या कामाशी जोडलेले अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलेमिन यांना 1977 मध्ये नोबेल मिळालं. या संप्रेरकासारखाच रेणू प्रयोगशाळेत बनवला, तो ल्युप्रोलाइड. अमेरिकेत 1985 मध्ये त्याला मान्यता मिळाली. आता शस्त्रक्रियेचं काम सुईवर होऊ लागलं.

आता यातली गंमत बघा. हे औषध संप्रेरक दाबतं, पण ते मुळात उत्तेजक आहे! मग उत्तेजकानं दाब कसा येतो? मेंदूतला तो संदेश पीयूषिका ग्रंथीला सतत जात नाही. तो तास-दोन तासांनी, ठोक्याठोक्यानं जातो. ग्रंथी त्या तालाला प्रतिसाद देते आणि मग वृषणं टेस्टोस्टेरॉन तयार करतात. दारावरची बेल अधूनमधून वाजली तर आपण उठून दार उघडतो. ती तासन् तास वाजतच राहिली तर आपण तिच्याकडे लक्ष देणंच सोडून देतो. इंजेक्शन नेमकं हेच करतं. संदेश अखंड चालू ठेवतं, आणि ग्रंथी हळूहळू बहिरी होते.

सुरक्षित वापराचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात. त्यासाठी मी आपल्या न्यायदर्शनाची मदत घेतो. नैयायिक ज्ञानाची चार साधनं मानतात : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. बेलचा दृष्टांत दिला, तिथे उपमानाचं काम झालं असं समजा. उरलेली तीन बघू.

पहिलं प्रत्यक्ष, म्हणजे मला काय जाणवतं ते. या औषधाच्या बाबतीत ते दोनदा फसवतं. पहिल्यांदा सुरुवातीला. ग्रंथी बहिरी होण्याआधी जोरात प्रतिसाद देते, म्हणून पहिल्या आठवड्यात टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं. मग दोन ते चार आठवड्यांत ते खाली येतं. ज्यांचा आजार हाडांत पोचला आहे त्यांची दुखणी या काळात वाढू शकतात. "औषध बाधलं, पुढचं नको" असं वाटण्याची जागा हीच. म्हणून बरेच डॉक्टर सुरुवातीचे काही आठवडे बायकॅल्युटामाइडसारख्या गोळ्या जोडीला देतात. त्या गोळ्या आपल्या मनानं सोडायच्या नाहीत. काही जणांना डेगारेलिक्स नावाचं दुसरं इंजेक्शन देतात. ते ग्रंथीचं दार थेट अडवतं, त्यामुळे ही सुरुवातीची उसळी येत नाही.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, बरं का. पाठीत नव्यानं जोराची कळ, पायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी अडणं, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्याच वेळी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठायचं.

प्रत्यक्ष दुसऱ्यांदा फसवतं ते सगळं छान चाललेलं असताना. काही दुखत नाही, मग एक इंजेक्शन लांबलं तर काय बिघडलं? बिघडतं ते असं : बेल थांबली की ग्रंथीला पुन्हा ऐकू येऊ लागतं, आणि आपल्याला त्यातलं काहीच जाणवत नाही.

म्हणून दुसरं साधन, अनुमान. धुरावरून आग ओळखायची. इथला धूर म्हणजे रक्ताचा रिपोर्ट. टेस्टोस्टेरॉन सहसा प्रति डेसिलिटर 50 नॅनोग्रॅमच्या खाली असावं लागतं. जोडीला पीएसए बघतात. आणखी एक झीज न जाणवता होत असते, ती हाडांची. स्नायू घटतात, वजन आणि साखर वाढू शकते, हृदयविकाराचा धोकाही वाढू शकतो. तेव्हा हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी, साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब यांच्या तारखा डॉक्टरांकडून लिहून घ्या. रोज चाला, थोडं वजन उचलण्याचा व्यायाम विचारून सुरू करा. आहारात दूध, नाचणी, तीळ असू द्या. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र सांगितल्या तरच.

तिसरं शब्द, म्हणजे आप्तवाक्य. आप्त कोण? ज्याला माहीत आहे आणि जो खरं सांगतो तो. सुईच्या बाबतीत आप्त म्हणजे ती तयार करणारी प्रशिक्षित व्यक्ती. औषध आठवडे-महिने झिरपत राहावं अशा रीतीनं बनवलेलं असतं. काही प्रकारांत भुकटी आणि द्रव ऐन वेळी ठरलेल्या पद्धतीनं मिसळावे लागतात. त्यात चूक झाली तर डोस कमी पडतो. म्हणूनच युरोपच्या औषध नियामक संस्थेनं 2020 मध्ये सांगितलं, की मिसळावी लागणारी ही इंजेक्शनं प्रशिक्षित वैद्यकीय कर्मचाऱ्यांनीच तयार करून द्यावीत. शेजारी सुई टोचतो म्हणून त्याच्याकडून घेऊ नका. काही इंजेक्शनं स्नायूत, काही कातडीखाली देतात. दर वेळी जागा बदलायची. साठवण कशी करायची ते खोक्यावर असतं, ते वाचा. नाव, डोस, तारीख आणि जागा एका वहीत लिहा.

आणि दुसरे आप्त म्हणजे घरची माणसं. अंगातून गरम वाफा येणं, इच्छा मावळणं, चिडचिड, उदासी हे या औषधाचे परिणाम आहेत, माणसाचा दोष नव्हे. पण आपल्या पिढीतले पुरुष हे बोलत नाहीत. उदासी आपल्या आधी बायकोला दिसते. तिला डॉक्टरांसमोर बोलू द्या. वाफांवर आणि उदासीवर उपचार आहेत, पण ते सांगितल्याशिवाय मिळत नाहीत.

श्रोत्यांमधून प्रश्न आला आहे : "सर, तारीख चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायची का?" नाही. लक्षात येईल त्याच दिवशी दवाखान्यात फोन करून जवळची वेळ घ्या. तसंच एक महिन्याची तीन इंजेक्शनं एकत्र घेतली म्हणजे तीन महिन्यांचं एक होत नाही, कारण त्यांची झिरपण्याची गती वेगळी असते.

दुसरा प्रश्न : "माझ्या भाचीला एंडोमेट्रिओसिससाठी हेच दिलंय, तिलाही हेच नियम?" औषध तेच असलं तरी तिथे डोस, मुदत आणि काळजी वेगळी. गरोदरपणात ते घ्यायचं नसतं, हाडांच्या दृष्टीनं मुदतही मर्यादित ठेवतात. तिनं तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांचंच ऐकायचं, मामाचं किंवा माझं नाही.

वेळ संपली. घरी गेल्यावर एक करा : पुढच्या इंजेक्शनची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, आणि ती घरातल्या आणखी एका माणसाला सांगा.