तबकडी काढलेले घड्याळ

भंडाऱ्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा. तिथल्या एका ओसरीवर मेमधल्या दुपारी काकांनी भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचे काटे उपसले, तबकडी सोडवली. आत दोन पितळी पत्रे, चार खांब आणि मधे चाके.

मला वाटले, आता पितळ घासून लखलखीत होणार. पितळी भांड्यांसाठी नावाजलेला जिल्हा आमचा. पण काकांनी आधी कमान उतरवली (नाहीतर चाके भणाणत सुटतात, दाते मोडतात). मग बांबूची कामटी टोकदार करून पत्र्यातल्या भोकांत फिरवली. काळीकुट्ट निघाली. तासली, पुन्हा फिरवली. सातव्या खेपेला ती स्वच्छ आली. "चमकवून काय करता जी? भोक पाहा," काका म्हणाले. एक भोक झिजून लांबट झाले होते. त्यातला आस कलत होता.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या घड्याळजींनी हेच उघडे रूप दिवाणखान्यात मांडले. पत्रे कोरून इतके बारीक केले की चाकेच दिसावीत. तबकडीचे नुसते कडे उरले. त्यावर जोझेफ कोतो (१७४०–१८०१) यांच्यासारखे मीनाकार रंग चढवत. तांब्यावर काचेची पूड, मग भट्टी, पुढच्या रंगाला पुन्हा भट्टी. शेवटी तडा गेला तर सारे वाया. १७९३ मध्ये फ्रेंच क्रांतीने दिवसाचे दहा तास केले, तेव्हा काही तबकड्यांवर जुने-नवे दोन्ही तास आले. १७९५ मध्ये ती सक्ती उठली. काशाच्या साजावर सोने चढवायचे ते पाऱ्यात कालवून. तापवले की पारा उडे आणि कारागिराच्या छातीत जाई. त्या झळाळीचा मला थोडा रागच येतो. कोरीव पत्र्यांचा नाही. कळकट भोक लपवायला तिथे जागाच नाही.

त्या पॅरिसच्या घड्याळांतल्या कित्येकांचा लंबक पोलाद आणि पितळेच्या आलटून-पालटून लावलेल्या दांड्यांचा असे. उन्हाने पोलाद खाली वाढते, पितळ वर. लांबी तीच राहते. काकांच्या घड्याळाला एकच लोखंडी दांडी. हिवाळ्यातल्या १० अंशांवरून ४५ वर गेले की दिवसाला १७-१८ सेकंदांचा फरक पडतो.

"उन्हाळ्यात मांगंच पडते," म्हणत त्यांनी लंबकाखालची चकरी किंचित वर फिरवली. "थंडीत खाली घ्या."