ब्लॅक सॅश
दक्षिण आफ्रिकेतील वर्णविद्वेषी राजवटीला सनदशीर मार्गाने विरोध करण्यासाठी मुख्यतः गौरवर्णीय स्त्रियांनी उभारलेली संघटना. जीन सिंक्लेअर, रूथ फोली इ. सहा स्त्रियांनी १९ मे १९५५ रोजी जोहॅनिसबर्ग येथे तिची स्थापना केली. ‘संविधान संरक्षण महिला संघ’ अशा अर्थाचे तिचे मूळ नाव होते. सॅश म्हणजे खांद्यावरून तिरका घेतलेला पट्टा. संविधानाची पायमल्ली झाल्याबद्दल शोकचिन्ह म्हणून निदर्शनांच्या वेळी सदस्या असा काळा पट्टा घेत. त्यावरून वृत्तपत्रांनी रूढ केलेले ‘ब्लॅक सॅश’ हे नाव पुढे संघटनेनेच स्वीकारले. कायद्याने दिलेले वर्णाधिष्ठित विशेषाधिकार उपभोगणाऱ्या समाजातील काही व्यक्तींनी त्या अधिकारांचे स्वरूप ओळखून अन्यायाचा प्रतिकार कसा केला, याचे उदाहरण म्हणून या संघटनेचा इतिहास अभ्यासनीय आहे.

पार्श्वभूमी : केप प्रांतात १८५३ पासून मालमत्ता वा उत्पन्नाच्या अटीवर सर्व वर्णांच्या पुरुषांना मताधिकार होता. १९१० मध्ये स्थापन झालेल्या संघराज्याच्या संविधानात त्यास विशेष संरक्षण होते. तथापि १९३६ मध्ये केपमधील आफ्रिकी मतदारांना सामाईक मतदारयादीतून वगळण्यात आले. १९४८ मध्ये सत्तेवर आलेल्या नॅशनल पक्षाने १९५१ च्या कायद्याने मिश्रवर्णीय मतदारांनाही वगळण्याचा प्रयत्न केला. परंतु संविधानाने आवश्यक ठरविलेले दोन-तृतीयांश बहुमत नसल्यामुळे न्यायालयाने १९५२ मध्ये तो कायदा रद्दबातल ठरविला. यावर तोडगा म्हणून सरकारने १९५५ मध्ये सिनेटची सदस्यसंख्या ४८ वरून ८९ केली आणि नव्या जागा आपल्या समर्थकांनी भरल्या. या कृत्याच्या निषेधार्थ संघटना उदयास आली. तिने जवळजवळ एक लाख सह्यांचे निवेदन तयार केले आणि प्रिटोरिया येथील शासकीय भवनाच्या (युनियन बिल्डिंग्ज) प्रांगणात रात्रंदिवस ठाण मांडले. तरीही १९५६ मध्ये मिश्रवर्णीयांचा सामाईक मताधिकार संपुष्टात आला.

या पहिल्या लढ्यास एक मर्यादा होती. ज्या संविधानाचे रक्षण करावयाचे, त्यानेच बहुसंख्य कृष्णवर्णीयांना सत्तेपासून दूर ठेवले होते. शिवाय १९३० मध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला, तो केवळ गौरवर्णीय स्त्रियांना. त्यामुळे केपमधील गौरेतर मतांचे प्रमाणही घटले होते. म्हणजेच ज्या मताधिकाराच्या बळावर या स्त्रिया सरकारला जाब विचारीत होत्या, तो त्यांना वर्णाच्या आधारावरच लाभलेला होता. लढा निष्फळ ठरताच प्रारंभी सु. दहा हजारांपर्यंत गेलेली सदस्यसंख्या झपाट्याने घटली. ज्या राहिल्या त्यांचे लक्ष मात्र संविधानाच्या कलमांवरून, त्या कलमांखाली जगणाऱ्या माणसांकडे वळले.

निदर्शने : मंत्री ज्या समारंभास वा विमानतळावर जात, तेथे काळे पट्टे घेतलेल्या स्त्रिया मान खाली घालून निःशब्द उभ्या राहत. समूहाने जमण्यावर पुढे कायद्याने बंधने आली, तेव्हा एकेकटीने हातात फलक धरून रस्त्याच्या कडेस उभे राहण्याची पद्धत अवलंबिण्यात आली. येणारे-जाणारे गोरे नागरिक पुष्कळदा अपशब्द वापरीत. संघटनेचे नियतकालिक १९५६ पासून प्रसिद्ध होऊ लागले. १९६३ मध्ये सदस्यत्व सर्व वर्णांच्या स्त्रियांना खुले करण्यात आले. तथापि बहुसंख्य सदस्या इंग्रजी भाषिक, मध्यमवर्गीय व गौरवर्णीय अशाच राहिल्या.

सल्लाकेंद्रे : संघटनेचे सर्वांत भरीव कार्य सल्लाकेंद्रांतून झाले. पासच्या कायद्यांखाली पकडलेल्या आफ्रिकी स्त्रियांच्या जामिनासाठी केपटाउन येथे उभारलेल्या निधीतून १९५८ मध्ये पहिले केंद्र निघाले. १९६३ मध्ये जोहॅनिसबर्ग येथे केंद्र सुरू झाले. शीना डंकन यांनी त्याची धुरा दीर्घकाळ वाहिली. नागरी क्षेत्रांविषयीच्या १९४५ च्या कायद्यातील दहाव्या कलमानुसार आफ्रिकी व्यक्तीस शहरात ७२ तासांपेक्षा अधिक काळ राहता येत नसे. जन्मापासून तेथेच सलग वास्तव्य, एकाच मालकाकडे सलग दहा वर्षे नोकरी किंवा पंधरा वर्षे सलग कायदेशीर वास्तव्य अशा बाबी सिद्ध करणारे, त्यांच्यावर अवलंबून असलेली पत्नी व मुले आणि विशेष परवानगी मिळालेले लोक एवढेच यास अपवाद होते. दाखल्यातील एखादी नोंद राहून गेली, तरी कुटुंबाची ताटातूट होई.

केंद्रांतील कार्यकर्त्या दुभाष्यांच्या साहाय्याने प्रत्येकाची हकीगत लिहून घेत, जुन्या मालकांकडून पत्रे मिळवीत, अधिकाऱ्यांकडे दाद मागत व आवश्यक तेथे वकील देत. या कामातून त्यांना स्वतःच्या जीवनाची दुसरी बाजूही दिसू लागली. गोऱ्या कुटुंबाच्या आवारातील खोलीत राहणाऱ्या मोलकरणीस पती वा मुले यांना जवळ ठेवण्याची मुभा नव्हती. म्हणजे एका घरातील मुलांच्या संगोपनाची सोय दुसऱ्या घरातील मुलांना आईपासून तोडून होत असे. कोमानी (१९८०) व रिखोटो (१९८३) या गाजलेल्या खटल्यांत न्यायालयाने अनुक्रमे पतीसमवेत राहण्याचा पत्नीचा हक्क मान्य केला आणि वर्षावर्षाच्या करारांनी केलेली नोकरीही सलग धरावी, असा निर्णय दिला. असे प्रश्न न्यायालयापर्यंत नेण्यात सल्लाकेंद्रांतील अनुभव उपयोगी पडला. पासचे कायदे १९८६ मध्ये रद्द झाले.

१९८३ मध्ये सक्तीच्या स्थलांतरांना विरोध करणाऱ्या ग्रामीण लोकांच्या साहाय्यार्थ ट्रान्सव्हालमध्ये संघटनेने एक स्वतंत्र समिती नेमली. त्याच वर्षी तिने सक्तीची लष्करभरती बंद करण्याची मागणी केली. ही भरती केवळ गौरवर्णीय पुरुषांची होत असल्याने ही मागणी सदस्यांच्या स्वतःच्या मुलांशी निगडित होती. तीतून उद्भवलेल्या भरतीविरोधी मोहिमेवर सरकारने १९८८ मध्ये निर्बंध घातले. पोर्ट एलिझाबेथ परिसरातील पोलिसी अत्याचार उघडकीस आणणाऱ्या सदस्या मॉली ब्लॅकबर्न यांचे २८ डिसेंबर १९८५ रोजी मोटार अपघातात निधन झाले. त्यांच्या अंत्ययात्रेस हजारो कृष्णवर्णीय लोक उपस्थित होते.

मूल्यमापन : कृष्णवर्णीय जाणिवेच्या चळवळीचे नेते स्टीव्ह बिको यांनी १९७० च्या सुमारास उदारमतवादी गोऱ्यांवर कठोर टीका केली. कृष्णवर्णीयांच्या वतीने बोलण्याऐवजी गोऱ्यांनी आपल्याच समाजातील वर्णविद्वेषाशी झुंजावे, विशेषाधिकार भोगत राहून केवळ सहानुभूती दाखविणे हे आत्मसमाधान होय, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. हा आक्षेप ब्लॅक सॅशलाही पूर्णतः टाळता येण्याजोगा नव्हता. निदर्शने आटोपल्यावर सदस्या सुरक्षित वस्तीतील घरी परतत, तर सल्ला घेण्यास आलेली व्यक्ती त्याच रात्री पकडली जाण्याची शक्यता असे. तसेच अन्याय्य कायद्याच्या चौकटीत राहून सवलती मिळविल्याने त्या कायद्यास अप्रत्यक्ष मान्यता मिळते काय, हा प्रश्नही उरतो.

दुसऱ्या बाजूने असे म्हणता येईल, की वर्णानुसार जन्मतः चिकटलेला विशेषाधिकार एखाद्या व्यक्तीने नाकारल्याने नाहीसा होत नाही. कायदा आणि समाज तो तिला देतच राहतात. अशा वेळी त्याचा विनियोग कशासाठी करावयाचा, एवढीच निवड तिच्या हाती असते. वेळ, शिक्षण, वृत्तपत्रांत मिळणारी जागा आणि पोलिसांकडून मिळणारी तुलनेने सौम्य वागणूक ही या स्त्रियांची वर्णसिद्ध साधने होती. ती त्यांनी मतप्रदर्शनापुरती न ठेवता दाखले, अर्ज व खटले यांच्या नित्याच्या, कंटाळवाण्या कामास जुंपली. या कामात सल्ला घेणाऱ्यांच्या हकीगतींनीच त्यांची धोरणे घडविली, ही बाब महत्त्वाची होय.

११ फेब्रुवारी १९९० रोजी मुक्त झाल्यावर केपटाउन येथील पहिल्याच जाहीर भाषणात नेल्सन मंडेला यांनी संघटनेचा गौरवाने उल्लेख केला. माजी अध्यक्षा मेरी बर्टन यांची पुढे सत्य व सलोखा आयोगाच्या सदस्य म्हणून नियुक्ती झाली. १९९५ मध्ये सदस्यत्वावर आधारलेली संघटना विसर्जित होऊन तिचे रूपांतर वेतनी कर्मचाऱ्यांच्या स्वयंसेवी संस्थेत झाले. सामाजिक अनुदानांचे वाटप खंडित होऊ नये, यासाठी या संस्थेने संविधान न्यायालयात दाद मागितली आणि १७ मार्च २०१७ रोजी न्यायालयाने त्या दृष्टीने आदेश दिला.