संशोधनाला मोकळीक हवी



संशोधन म्हणजे नुसती यंत्रे अन् इमारत नव्हे. मुंबईत गोरेगावला १९६३ साली सिबा कंपनीचे संशोधन केंद्र निघाले. प्रमुख होते मद्रासचे रसायनशास्त्रज्ञ गोविंदाचारी. औषधांबरोबर वनस्पतींचा मूलभूत अभ्यासही तिथे चाले. त्यातूनच १९७२ साली आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या झाडात कॅम्प्टोथेसिन सापडल्याचे जाहीर झाले. त्यापासून आज कर्करोगावरची औषधे बनतात. रोज फायद्याचा तगादा असता तर नरक्याकडे कोण वळले असते?

गेल्या हंगामात एका सभासदाने सरी रुंद करून पाहतो म्हटले. शिफारशीत बसत नाही म्हणून आम्हीच अडवले. चूक आमची. यंदा चार गुंठे प्रयोगाला ठेवा. फसला तरी सांगा. आम्ही बांधावर येऊ, नोंद ठेवू.